मन वर लागत नाही, ताई

"ताई, माझं मन स्वर्गाकडे लागतच नाही हो. दिवसभर औषधं, चादरी, स्वयंपाक. रात्री बायबल उघडते आणि दोन ओळींत डोळा लागतो. मी जगिक, संसारातच गुंतलेली झाले का?"

पन्नाशीला टेकलेल्या या बाई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) चार वर्षं स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाईंचं सगळं करत होत्या. उपासनेत 'वरील गोष्टींकडे मन लावा' या वचनावर उपदेश ऐकला आणि तेव्हापासून जिवाला घोर लागला. ही चिंता घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात, आणि बहुतेकांचा विश्वास त्यांना वाटतो त्याहून पक्का असतो.

मी आधी झोपेचं विचारलं. रात्री तीन-चारदा उठावं लागायचं. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश नाही केला; भाकर-पाणी दिलं आणि पुन्हा झोपू दिलं. थकव्याला अविश्वास म्हणू नये, यावर मी ठाम आहे. आठवड्यातल्या दोन रात्री नणंदेने आईजवळ झोपायचं, हे माझ्यासमोरच फोनवर ठरलं.

मग उपदेशातलं ते वचन जिथे आहे, तो बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राचा ३रा अध्याय त्यांनाच पुढे वाचायला लावला. प्रेषित पौलाने हे तुरुंगातून लिहिलंय. वर पाहा म्हणतो आणि लगेच राग सोडा, खोटं बोलू नका, एकमेकांचं सोसा. १८व्या वचनापासून तर नवरा-बायको, मुलं, दास. २३व्या वचनात, जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. वाचता वाचता त्या थांबल्या. "म्हणजे वर पाहा म्हणत तो पुन्हा घरातच आणतो की!"

पण खरं दुखणं वेगळंच होतं. दुसऱ्या भेटीत, खूप रडून, त्या म्हणाल्या, "देवाने आईंना आता न्यावं असं वाटतं. आणि मग स्वतःचीच किळस येते." मी त्यांना गप्प केलं नाही. हे देवासमोर जसंच्या तसं बोला, म्हटलं; बायबलमधल्या स्तोत्रकर्त्यांनी याहून कडू बोलून दाखवलंय. सुटका हवीशी वाटणं आणि तरी रोज अंथरूण बदलणं, दोन्ही एकाच मनात राहू शकतं. पौलालाही ख्रिस्ताजवळ जायची ओढ होती, आणि फिलिप्पै गावच्या विश्वासणाऱ्यांसाठी इथे राहणं अधिक गरजेचं आहे हेही त्याला कळत होतं.

शेवटी योहानाच्या शुभवर्तमानाचा १३वा अध्याय काढला. आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो आहोत हे ठाऊक असलेला येशू जेवणावरून उठतो, रुमाल कमरेला बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. स्वर्ग त्याच्याइतका कोणाच्या मनात असेल? बाई बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिल्या. संध्याकाळी आई अस्वस्थ झाल्या की त्यांचे पाय कोमट पाण्यात ठेवून चोळायचे, हे त्या चार वर्षं करतच होत्या.

दीड महिन्याने भेटल्या तेव्हा बायबल वाचताना डोळा लागतोच, म्हणाल्या. पण एक गोष्ट सांगायची होती. सासूबाई रोज विचारतात, "घरी कधी जायचं?" पूर्वी या चिडून म्हणायच्या, "हेच तुमचं घर!" परवा टाचेच्या भेगा पुसता पुसता तोंडातून निघून गेलं, "जाऊ हं आई. आधी पाय कोरडे करू."