नवे पॅड टाकूनही जुन्या कॅम्पर व्हॅनचे ब्रेक किंचाळतात, आता डिस्क बदलायची का?

तुम्ही लिहिलंय की गाडी जुनी १७ सीटर, आत बेड आणि ओटा करून घेतलाय, पुढचे पॅड चार महिन्यांत दोनदा बदलले, तरी ब्रेक दाबला की किंचाळते. गॅरेजवाला आता डिस्क बदला म्हणतोय. एवढ्यात डिस्क घेऊ नका. मीही नागपूरचाच, माझीही अशीच जुनी व्हॅन आहे आणि मीही आधी पॅडच बदलत बसलो होतो.

मागच्या उन्हाळ्यात रामटेकला गडावरून खाली उतरून चहाला थांबलो. टपरीवर बसलेल्या एका ट्रक ड्रायव्हर काकांनी आवाज ऐकला होता. ते उठले, बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन चारही रिमवर थोडं थोडं शिंपडलं. तीन चाकांवरून ते नुसतं ओघळलं, पुढच्या डाव्या चाकावर मात्र ‘चर्र’ झालं. काका म्हणाले, “भाऊ, हे चाक ब्रेक सोडूनच नाही राहिलं.” (पाणी रिमवरच टाका. तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारू नये.)

घरी येऊन चाक खोललं. बाहेरचा पॅड जवळजवळ नवा, आतला घासून पत्र्याला टेकलेला. तुमच्याकडे जुने पॅड पडले असतील तर आधी ती जोडी शेजारी शेजारी ठेवून बघा. एक जाड आणि एक बारीक असेल तर पॅडचा दोष नाही, बहुतेक कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या) पिना जाम आहेत. या प्रकारचं कॅलिपर दोन पिनांवर सरकतं. पिस्टन आतला पॅड दाबतो, मग अख्खं कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढतं. पिन अडली की आतला पॅड एकटाच राबतो आणि ब्रेक सोडला तरी डिस्कला चिकटून राहतो. माझी खालची पिन पान्यानेही हलेना. निघाली तेव्हा अंगभर चॉकलेटी गंज, कारण तिच्यावरचं रबरी बूट (टोपण) फाटून पावसाचं पाणी आत गेलं होतं.

आवाज नेमका कधी येतो तेही लक्ष देऊन ऐका. काचा खाली करून एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीशेजारून हळू गाडी न्या, भिंतीवरून आवाज परत येतो आणि कोणती बाजू ते कळतं. पावसाळ्यात सकाळचे पहिले दोन-तीन ब्रेक खर्र करून गप्प होत असतील तर तो डिस्कवरचा रात्रीचा गंज, सोडून द्या. ब्रेक न लावताच पत्रा घासल्यासारखं वाजत असेल तर डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकलाय का बघा. वळणावर कमी-जास्त होणारी घूं घूं बहुतेक बेअरिंगची असते. आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घरघर असेल तर गाडी चालवूच नका. कॅम्परमध्ये आणखी एक गंमत: मी अर्धा दिवस ज्या आवाजामागे होतो, तो शेगडीची जाळी हलल्याचा निघाला.

आता काम. सपाट जागा, चाकांना लाकडी ठोकळे, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड. धूळ कंप्रेसरने उडवू नका, जुन्या पॅड-लायनरमध्ये (लायनर म्हणजे ड्रम ब्रेकचं घासणारं अस्तर) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने धुवा. पिना पॉलिश पेपरने साफ करा, खड्डे पडले असतील तर नव्या टाका, बूट तर नवेच घ्या. ग्रीस ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस वापरा. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलंत तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पॅडचे कान जिथे बसतात तिथला गंज खरवडून काढा, किंचाळणं पुष्कळदा तिथूनच येतं.

पिना मोकळ्या करूनही चाक धरून राहिलं तर ब्लीडिंगचा निपल (कॅलिपरवरचा ब्रेक ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) उघडा. तेल उडून चाक सुटलं तर दोष होजपाइपचा किंवा मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणाऱ्या भागाच्या) बाजूचा. नाही सुटलं तर पिस्टनच गंजलाय, कॅलिपर खोलावं लागेल. ब्रेक ऑइलही याच वेळी बदलून घ्या. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळणारं तेल ओलावा मुरल्यावर १५५ च्या आसपास येऊ शकतं. तेल उकळलं की पेडल नुसतंच खाली जातं, आणि कॅम्परच्या वजनाने ब्रेक जास्तच तापतात: १०० लिटरची पाण्याची टाकी म्हणजे १०० किलो, वर बॅटरी, प्लाय, गाद्या. प्रवासी उतरून जातात, हे वजन कधीच उतरत नाही. एवढं घेऊन चिखलदऱ्याचा घाट उतरणार असाल तर हा फरक जिवावरचा आहे, आणि गिअर खालचाच ठेवा.

मागे ड्रम असतील तर उघडून लायनर आणि व्हील सिलिंडर गळतंय का एवढं बघा. तेल लागलेला लायनर धुऊन पुन्हा बसवू नका.

डिस्कचं म्हणाल तर तिच्यावर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्निअरने मोजा. तडा नसेल आणि घासल्यावरही त्यापेक्षा जाड राहणार असेल तर लेथवर हलकी फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) पुरते. किमान जाडीच्या खाली गेली असेल तर गॅरेजवाला बरोबर आहे, दोन्ही बाजूंच्या बदला.

नवे पॅड बसवल्यावर सकाळी रिंग रोड रिकामा असताना ५० च्या वेगावरून १५ पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक लावा, मध्ये गार होऊ द्या. मग गाडी बाजूला घेऊन चारही रिमवर पाणी शिंपडा.