सुदानच्या युद्धात बेघर झालेल्यांसाठी आमच्या मंडळाला तातडीने मदत गोळा करायची आहे. कपडे-ब्लँकेटं पाठवावीत की पैसे?

पैसे. एवढंच लिहून थांबणार होते, पण खाली तुम्ही लिहिलंय की 'पोरांनी दोन दिवसांत चाळीस पोती कपडे जमवलेत', आणि माझं जुनं दुखणं वर आलं.

मी मूळची कोल्हापूरची, नोकरीमुळे पोलंडात क्राकुफला असते. 24 फेब्रुवारी 2022 ला युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा सीमा आमच्यापासून गाडीने तीन तासांवर होती. पहिल्या पंधरा दिवसांतच दहा लाखांवर माणसं एकट्या पोलंडात आली. 18 ते 60 वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी, त्यामुळे येणाऱ्या बहुतेक सगळ्या बायका, पोरं, म्हातारी माणसं. आणि मांजरं. मांजरं किती, ते विचारू नका.

मीही तेव्हा तुमच्या पोरांनी केलं तेच केलं. ऑफिसातले लोक, इथली चार मराठी घरं, सगळ्यांना मेसेज टाकला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रात्रभर बसून घड्या घातल्या, मापाप्रमाणे खोकी केली, खोक्यांवर दोन भाषांत लिहिलं. एकाने लग्नातला ब्लेझर दिला होता, एकीने उंच टाचेचे बूट. तेव्हासुद्धा मला काही खटकलं नाही, हे कबूल करते. भाड्याची व्हॅन घेऊन सीमेजवळच्या प्शेमिशल गावाला निघालो. युक्रेनच्या ल्विव्ह शहराकडून येणाऱ्या रुंद रुळांच्या गाड्या त्या स्टेशनात थेट येतात, म्हणून सगळी गर्दी तिथे.

स्टेशनाबाहेर कपड्यांचा ढीग होता. माझ्या डोक्याएवढा. वरून बर्फ पडून भिजलेला, त्यावरून लोक पेट्या ओढत चाललेले. पिवळं जाकीट घातलेली विशीतली एक पोरगी व्हॅनजवळ आली, आत डोकावली आणि म्हणाली, "कपडे नकोत. कृपा करून परत घेऊन जा." मग विचारलं, "फोन चार्ज करायला पॉवर बँक आहे? लहान मुलांचे पाच नंबरचे डायपर?" नव्हतं. मला इतका राग आला! आम्ही रात्रभर जागून आणलंय आणि ही तोंडावर नको म्हणते.

आत हॉलमध्ये एक आजी पेटीवर बसली होती, शेजारी सहाएक वर्षांचा नातू. तो फोन हातात धरून अक्षर अक्षर जोडत आईचे मेसेज आजीला वाचून दाखवत होता. आजीचा चष्मा घरी राहिला होता. माझ्या मोडक्या पोलिशमधून मला एवढं कळलं. मग तिने पिशवीतून हिर्व्नियाच्या, म्हणजे युक्रेनच्या नोटांचं पुडकं काढलं. म्हणजे बाईकडे पैसे होते! पण पैसे बदलून देणारा एकही कांतोर तेव्हा हिर्व्निया घ्यायला तयार नव्हता. (मार्चच्या शेवटी पोलंडातल्या बँकेत माणशी 10,000 हिर्व्नियापर्यंत बदलून मिळायला लागले, पण ते नंतर.) आयुष्यभर कमावलेलं हातात आणि त्यात पावसुद्धा येत नाही.

समोरच्या दुकानातून वाचायचा तयार चष्मा आणला. तीस झ्वॉटी, म्हणजे इथलं चलन. व्हॅनचं भाडं आणि डिझेल मिळून नऊशे झाले होते. आमच्या अख्ख्या व्हॅनमध्ये त्या बाईच्या उपयोगाची एक वस्तू नव्हती आणि नुसत्या त्या भाड्या-डिझेलात तीस चष्मे आले असते.

त्याच रात्री दादाचा फोन. दादा आमच्या तालमीचा कार्यकर्ता, 2019 च्या महापुरात आठ दिवस घरी आला नव्हता. तेव्हा मुंबई-पुण्याहून आलेले फाटके, बटण नसलेले शर्ट बघून ह्याच माणसाने शिव्या घातल्या होत्या, "आम्हाला काय भिकारी समजलेत का?" आणि आता तो सांगत होता, "गांधीनगरातून तीनशे ब्लँकेटं उचललीत, कशी पाठवायची ते सांग." मी म्हटलं, दादा, ब्लँकेटं नको, तेवढे पैसे पाठव, इथे काय घ्यायचं ते बघते मी. तर म्हणे, "अगं, पैशाला कोण विचारतंय? ट्रक दिसला पाहिजे लोकांना."

तिथून जी भांडणं लागली ती आमच्या आजीपर्यंत गेली. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता. सोव्हिएत फौजांनी सायबेरियाकडे नेलेली, तिथून सुटून इराणमार्गे आलेली पाचएक हजार माणसं, त्यातही बायका-मुलंच जास्त. आमची आजी त्या कॅम्पात भाजी न्यायची. दादा सभेत ठोकून देतो, "आमच्या आजीनं पोलंडला जेवू घातलं." अरे, कुठलं जेवू घातलं! विकायची ती. त्या बायकांना भत्ता मिळायचा, घरोघरी चूल होती. वांगं दाबून बघायच्या, एका आण्यासाठी हुज्जत घालायच्या, पटलं नाही तर पुढच्या पाटीकडे जायच्या. आजी हे सांगताना हसायची. तिने त्यांना कधी बिचाऱ्या म्हटलं नाही, 'लई चिकट' म्हणायची. मला तरी ह्यात सगळं उत्तर दिसतं. दादाला दिसत नाही. (पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतले सिंधी आले आणि त्याचंच आज गांधीनगर झालंय. म्हणजे दादाने ब्लँकेटं घेतली तीही निर्वासितांच्याच बाजारातून.)

बरं, तुमचं सुदान. एप्रिल 2023 पासून सैन्य आणि आरएसएफ नावाच्या निमलष्करी दलाची लढाई चालू आहे, एक कोटीहून जास्त लोक घराबाहेर पडले. तिथे गल्लीगल्लीतल्या पोरांनी 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स' नावाने सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली आहेत. म्हणजे तुमच्यासारखीच मंडळं, समजा. त्यांना पैसा बऱ्याचदा फोनवरच्या बंकक ॲपवरून पोचतो आणि ते जवळच्या बाजारातून मसूर-तेल घेतात. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेचा निधी थांबला तेव्हा अशी शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. पोती कमी पडली म्हणून नव्हे.

इकडून थेट तिथल्या कुणाच्या खात्यावर पाठवायला जाऊ नका, बँक अडवेल आणि ते बरोबरच आहे. एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना, तिच्यातून परदेशी देणगी देता येते, पण ती एकेकट्या माणसाने, मंडळाने नाही. तेव्हा सुदानमध्ये आधीपासून माणसं असलेली मोठी संस्था निवडा आणि प्रत्येकाने आपापल्या कार्डाने तिच्या अधिकृत संकेतस्थळावर द्या. परदेशी संस्थेला दिलेल्यावर 80जीची आयकर सूट मिळत नाही, हे आधीच सांगा, नाहीतर मार्चमध्ये तुमच्या नावाने खडे फोडतील. कुणा एकाच्या फोनवर यूपीआयने गोळा करू नका, अध्यक्षाच्या तर मुळीच नाही. पावत्यांचे फोटो ग्रुपवर टाका. त्यालाही लाइक मिळतात, काळजी करू नका.

एक मात्र मान्य करते, नाहीतर दादा पकडेल. बाजारच उरला नाही तिथे पैसा कागद आहे. सुदानमधल्या अल-फाशर शहराला दीड वर्ष वेढा होता, लोक तेल काढून उरलेली जनावरांची पेंड खात होते. तिथे ट्रकच लागतात. पण ते ट्रक जागतिक अन्न कार्यक्रमासारख्यांचे, आणि त्यांनाही वाट मिळत नव्हती. तुमची चाळीस पोती तिथे पोचणार नाहीत. ती बोहारणीला द्या.

दादाची ब्लँकेटं मुंबईपर्यंत गेली होती. विमानाचं भाडं मालाच्या किमतीपेक्षा जास्त निघालं तेव्हा परत आली. साठ कुठेतरी वाटली. दिवाळीत घरी गेले तेव्हा तालमीच्या माळ्यावर चढून मोजलीत मी, दोनशे चाळीस अजून आहेत. उंदरांनी खाल्लेली धरून.