वाचकांचे प्रश्न : कॅमेरा आहे, पण बातमीचे फोटो काढायला शिकायचं कसं?

प्रश्न : ताई, मी एफवायबीएला आहे. कॉलेज नाशिकला, पण घर निफाड तालुक्यात, लासलगावच्या जवळ, रोज एसटीने येऊन-जाऊन करते. मला फोटोजर्नलिस्ट व्हायचंय. माझ्या मामाचा स्टुडिओ आहे, लग्नाच्या ऑर्डरी घेतो, त्याने त्याचा जुना डीएसएलआर आणि सोबतची १८-५५ लेन्स मला दिलीये. मी द्राक्षबागा, गोदाघाट, सूर्यास्त असे फोटो काढते, इन्स्टावर लाईक्स येतात पण ते बातमीचे फोटो वाटत नाहीत. महागातला कॅमेरा घ्यावाच लागेल का? बीए सोडून मुंबईला फोटोग्राफीचा कोर्स करू का? पप्पा म्हणतात हे मुलीच्या जातीचं काम नाही आणि यात पैसाही नाही. मी नेमकं सुरू कुठून करू?

उत्तर : अगं, आशियातली सगळ्यात मोठी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती कांद्याची बाजारपेठ तुझ्या घराशेजारी आहे! दिल्लीत कांदा महागला की चॅनलच्या गाड्या तिथे येतात, कांद्याच्या ढिगाचा एक फोटो, डोक्याला हात लावलेल्या शेतकऱ्याचा एक फोटो, झालं, संध्याकाळी परत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी केली तेव्हा नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, शेतकरी मुंबई-आग्रा हायवेवर उतरले, ते फोटो सगळीकडे आले. पण त्याच दिवसांत एखाद्या घरी चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, कांदा सडत होता का, ट्रॉली भरून ठेवलेल्या माणसाने ती रिकामी केली की तशीच ठेवली, हे बाहेरून आलेल्या माणसाला कळायला वेळच नसतो. तुला कळू शकतं, कारण तू तिथेच राहतेस, तुला त्यांची बोली येते आणि दुसऱ्या दिवशी परत जायला एसटीचं तिकीटही लागत नाही. म्हणून सुरुवात बाजार समितीपासून कर. तिथल्या ऑफिसात जाऊन सांग की मी विद्यार्थिनी आहे, शिकायला फोटो काढायचेत. बहुतेक वेळा कोणी नाही म्हणत नाही, आणि उद्या कोणी हटकलं तर विचारून आलेय असं सांगता येतं.

आता तिथे बघायचं काय. लिलाव कसा चालतो हे तू लहानपणापासून बघितलं असशील पण फोटोच्या नजरेने परत बघ. ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागलेल्या असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका गाडीपाशी येतो, कोणीतरी ढिगात कोपरापर्यंत हात घालून खालचा कांदा वर काढतो, दाबून बघतो, बोली सुरू होते आणि बघता बघता भाव फुटून घोळका पुढच्या गाडीकडे सरकतो. नवीन माणूस इथे हमखास बोली लावणाऱ्यांचे फोटो काढतो कारण आवाज तिथे असतो, हात तिथे हलत असतात. तू शेतकऱ्याकडे बघ. व्यापाऱ्याचा हात कांद्यात असतो आणि शेतकऱ्याची नजर त्या हातावर असते, चार-पाच महिन्यांच्या कामाचं काय होणार ते त्या थोडक्या वेळात ठरतं, आणि भाव फुटल्यावर तो काहीच बोलत नाही, फक्त चिठ्ठी घेतो आणि ट्रॅक्टर चालू करतो. तो चेहरा पाहिजे. तो मिळवायचा तर घोळका येण्याच्या आधी तुला पलीकडच्या बाजूला जाऊन उभं राहावं लागेल, घोळक्याच्या मागे धावलीस तर नुसत्या पाठी मिळतील. बातमीच्या फोटोतलं निम्मं काम हे असं आधी जाऊन उभं राहण्याचं आहे.

मग त्या ट्रॅक्टरच्या मागे खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या कांदा निवडायच्या जागेवर, जा. तिथे बायका दिवसभर बसून कांदा निवडतात, मोठा, मध्यम आणि गोल्टी म्हणजे बारका कांदा वेगळा करतात. कांद्याच्या सगळ्या बातम्यांमध्ये या बायका फार कमी दिसतात, आणि तू मुलगी असल्यामुळे त्यांच्यात बसून दोन तास बोलू शकतेस. ही गोष्ट पप्पांना जरूर सांग.

थोडं टेक्निकल. मार्केट यार्डात दुपारी ऊन डोक्यावर असतं, टोपीखाली चेहरा काळा येतो आणि पांढरी टोपी जळते, म्हणजे नुसती पांढरीफटक येते. त्यामुळे सकाळी लवकर जा किंवा गुडघ्यावर बसून खालून काढ, जमिनीवरून परत येणारा उजेड चेहऱ्यावर मिळतो. कॅमेरा ऑटोवरून काढ. ट्रॉलीतून कांदा पडतोय, हमाल गोणी उचलतोय, अशा हलत्या गोष्टीला शटर १/५०० किंवा त्याच्या वर ठेव, माणूस नुसता उभा असेल तर १/१२५ पुरतं. शेडमध्ये अंधार असेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, बिनधास्त १६००, ३२०० कर, फोटोत थोडे दाणे आले तरी चालतील, हललेला फोटो मात्र कोणी घेत नाही. आणि रॉ (कॅमेऱ्याची मूळ, काहीही न बदललेली फाईल) आणि जेपेग (नेहमीचा फोटो) दोन्ही सेव्ह करत जा, त्याचं कारण खाली दुसऱ्या एका वाचकाच्या उत्तरात येतंय.

कॅमेरा आत्ता काहीही घेऊ नकोस, मामाने दिलेला खूप झाला. अगदीच पैसे जमले तर सेकंडहँड ५० एमएमची १.८ लेन्स घे, स्वस्त असते, कमी उजेडात कामाला येते, आणि तिला झूम नसल्यामुळे माणसाच्या जवळ चालत जावं लागतं, जे तुला शिकायचंच आहे. लांबून झूम लावून काढलेले फोटो लगेच ओळखू येतात. मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईला पायी गेला, साधारण १८० किलोमीटर. त्यातले लोकांच्या लक्षात राहिलेले फोटो आठव, फोड आलेले, सोललेले तळपाय. लाल टोप्यांच्या गर्दीचे फोटोही भव्य होते पण चालणं म्हणजे काय ते तळपायांनी सांगितलं, आणि तळपायाचा फोटो काढायला रस्त्यावर माणसाशेजारी बसावं लागतं.

मामाकडे सीझनला काम कर. मनापासून सांगते, लग्नाचं शूट ही फार चांगली शाळा आहे, उजेड कसाही असो, अक्षता एकदाच पडतात, फ्लॅश, बॅटरी, कार्ड सगळं भान ठेवावं लागतं. फक्त एक सवय तिथेच सोडून यायची, ती म्हणजे "काका, जरा इकडे बघा, हात असा ठेवा." बातमीत माणसाला काही करायला सांगायचं नाही. कोणाचं पोर्ट्रेट काढत असशील, तो कॅमेऱ्याकडे बघून बसलाय, तर ठीक, बघणाऱ्याला ते कळतं. पण झोपलेल्या माणसाला परत झोपायला लावणं, आजीला डोळे पुसायला सांगणं, हे खोटं आहे आणि ते एकदा केलंस की तुझ्या बाकीच्या फोटोंवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

आणि वही. खिशात बसेल अशी छोटी वही आणि पेन. तुझे फोटो बातमीचे का वाटत नाहीत याचं अर्धं उत्तर मला वाटतं इथे आहे. इन्स्टावर फोटोखाली "कष्टकरी बळीराजा" लिहिलेलं असतं, त्यातून काय कळतं? आता हे बघ : "लासलगाव बाजार समितीत सोमवारी पहाटे लिलावाच्या रांगेत ट्रॉलीवर झोपलेले अमुक गावचे अमुक शेतकरी. आदल्या रात्री नऊला ते घरून निघाले. उन्हाळ कांदा सहा महिने चाळीत ठेवून त्यांनी आज पहिली ट्रॉली आणली." फोटो तोच, पण आता मी त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघते. नाव त्यांच्या तोंडून घ्यायचं, स्पेलिंग विचारायचं, गाव, वय, फोटो कधीचा, आणि फोन नंबर स्वतःच्या वहीत ठेवायचा म्हणजे नंतर खात्री करता येते. घरी आल्यावर त्याच दिवशी फोटोला कॅप्शन लाव, उद्यावर टाकलंस की नावांची अदलाबदल होते आणि चुकीच्या नावाने छापलेला फोटो त्या माणसाला गावात किती महागात पडू शकतो हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

बीए सोडू नकोस. फोटोजर्नलिस्ट दानिश सिद्दीकी यांनी पदवी अर्थशास्त्राची घेतली होती, दिल्लीच्या जामिया विद्यापीठात, मग तिथेच मास कम्युनिकेशन केलं, सुरुवात टीव्ही रिपोर्टर म्हणून केली आणि २०१० मध्ये इंटर्न म्हणून रॉयटर्स या वृत्तसंस्थेत गेले. रोहिंग्यांच्या फोटोंसाठी रॉयटर्सच्या ज्या टीमला २०१८ चं पुलित्झर, म्हणजे पत्रकारितेचा मोठा अमेरिकी पुरस्कार, मिळालं त्या टीममध्ये ते होते. २०२१ मध्ये अफगाणिस्तानात काम करताना ते मारले गेले. त्यांचे फोटो शोधून बघ, प्रत्येक फोटोत हे का घडतंय याची समज दिसते. तुझं अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, हमीभाव आणि निर्यातशुल्क म्हणजे काय हे कळणं, याने तुझे फोटो सुधारतील. पदवी झाली की पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट वगैरे ठिकाणी पत्रकारितेला जाता येईल.

पप्पांचं म्हणणं. मुलींबद्दलचं पहिलं : होमाई व्यारावाला, जन्म १९१३, नवसारीचा, शिकल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. भारतातल्या पहिल्या महिला फोटोजर्नलिस्ट. सुरुवातीचे त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापून यायचे, पुढे त्याच बाईंनी साडी नेसून जड कॅमेरा खांद्याला लावून स्वातंत्र्याचा काळ टिपला, नेहरूंचे आज आपण बघतो त्यातले कितीतरी फोटो त्यांचे आहेत. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. रात्रीबेरात्री एकटीने जाण्याची पप्पांची काळजी मात्र खोटी नाहीये, तिथे वाद घालू नकोस, सुरुवातीला दिवसाउजेडीचं काम कर, कुठे चाललीस ते घरी सांगून जा, मैत्रिणीला बरोबर ने.

पैशाचं दुसरं. यात पप्पा बरेचसे बरोबर आहेत आणि मी तुला खोटं सांगणार नाही. पेपरांमधल्या स्टाफ फोटोग्राफरच्या जागा कमी झाल्यात, तालुक्याच्या ठिकाणी फोटोमागे मिळतं त्यात पेट्रोलही निघत नाही, खूप चांगले फोटोजर्नलिस्ट लग्नाच्या आणि कंपन्यांच्या ऑर्डरींवर घर चालवतात. म्हणूनच तर म्हणते मामाचं काम सोडू नकोस आणि लिहायला शीक, व्हिडिओही शीक, नुसता फोटो देणाऱ्यापेक्षा फोटो आणि सोबत पाचशे शब्दांचा मजकूर देणाऱ्याला काम लवकर मिळतं. वर्षभरात कांद्याचे आठ-दहा फोटो असे निवड की ते एकामागे एक ठेवले तर रोपापासून खळ्यापर्यंत गोष्ट कळेल, आणि ते पाठव. जिल्ह्याच्या पेपरला पाठव, पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या वेबसाइटला पाठव, ग्रामीण भारतावरच त्यांचं सगळं काम आहे, मराठीतही वाचता येतं आणि विद्यार्थ्यांचं कामही ते घेतात. फुकट द्यायला लागलं तरी फोटोवर नाव तुझंच लागेल एवढं आधी लेखी घे, मेलवर, व्हॉट्सॲपवर, कसंही.

प्रश्न : मी पुण्यात मास मीडियाच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजच्या पेपरसाठी मोर्चाचा फोटो काढला, मस्त आलाय, पण मध्ये केबलची वायर आणि एका माणसाचा अर्धा हात येतोय. फोनमध्ये एका टचने ते जातं. काढलं तर काय बिघडलं?

उत्तर : बिघडतं, काढू नकोस. नार्सिसो कॉन्ट्रेरास नावाचे फोटोग्राफर होते, असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेच्या सीरियातल्या ज्या टीमला २०१३ चं पुलित्झर मिळालं त्यात तेही होते. त्यांनी सीरियातल्या एका लढवय्याच्या फोटोतून कोपऱ्यात दिसणारा दुसऱ्या पत्रकाराचा व्हिडिओ कॅमेरा पुसला. बातमीच्या दृष्टीने तो कॅमेरा क्षुल्लक होता. तरी जानेवारी २०१४ मध्ये एपीने त्यांच्याशी संबंध तोडले. कारण जो कॅमेरा पुसतो तो उद्या बंदूक पण पुसेल का, हे वाचकाला कळायचा मार्गच राहत नाही. क्रॉप कर, उजेड-अंधार थोडा नीट कर, रंग जसे होते तसे आण, सेन्सरवरच्या धुळीचा डाग काढ, एवढं चालतं. वायर नको असेल तर फोटो काढताना दोन पावलं सरकायचं, आता ती वायर राहू दे.

आणि मूळ फाईल कधीच डिलीट करू नकोस. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर सेबास्टियन डिसोझा यांनी कसाबचा फोटो काढला, ते तेव्हा मुंबई मिररचे फोटो एडिटर होते. पुढे खटल्यात ते फोटो पुरावा म्हणून आले आणि डिसोझांनी कोर्टात साक्ष दिली. आपल्या कॉलेजच्या मोर्चाचा फोटो कोर्टात जाणार नाही असं तुला आज वाटतंय, पण मोर्चात लाठीचार्ज झाला तर पहिली मागणी तुझ्याच कार्डाची होईल.

प्रश्न : रस्त्यात अपघात दिसला तर आधी फोटो की आधी मदत? (दोन-तीन वाचकांनी विचारलंय.)

उत्तर : तिथे तू पहिला असशील तर आधी १०८ ला फोन आणि मदत, यात दुसरा विचार नाही. पोलिसांच्या लफड्यात अडकू या भीतीने लोक थांबत नाहीत, पण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. मदतीला पुरेशी माणसं असतील, अँब्युलन्स आली असेल, तर मग फोटो काढ, कारण तो खड्डा, ते न लावलेले बॅरिकेड, तो बंद सिग्नल याची नोंद ठेवणं हेच तुझं काम आहे. वाट अडवायची नाही. मृताचा चेहरा नको. लैंगिक अत्याचाराची केस असेल, पीडित बाई असो की लहान मूल, तर ओळख पटेल असं काहीही दाखवणं हा कायद्याने गुन्हा आहे, आणि ओळख चेहऱ्यानेच पटते असं नाही, शाळेचा युनिफॉर्म, घराचं दार, शेजारी उभ्या असलेल्या आईचा चेहरा यानेही पटते. आणि घरच्यांना कळायच्या आधी अपघाताचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, गाडीच्या नंबरवरूनसुद्धा लोक ओळखतात.