तो नंबर आधी काढून घे

*कांदोळीच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे. ड्युटी सकाळी 7 ते 3. स्लीपर बसमधून उतरलेले गेस्ट सातलाच रूम मागतात, चेक-इन असतं 2 वाजता. त्यांचं वाट्टेल ते ऐकून घ्यायचं, वर हसायचं. कोणी फारच चढला तर माझा मोबाईल नंबर देऊन शांत करते. घरी आले की मुलावर खेकसते. नवरा म्हणतो, तू माणसांत नसतेस. मन शांत कसं ठेवू?*
— एक वाचक, डिचोली

बाय, मनाचं नंतर बघू. तो नंबर देतेस कशाला?

जाता जाता लिहिलंयस, पण सगळा घोळ तिथेच आहे. चिडलेल्या माणसाला स्वतःचा नंबर दिला की भांडण मिटत नाही, तुझ्या संध्याकाळवर ढकललं जातं. मग टॉवेल, टॅक्सी, एसी, सगळं तुलाच. फोन वाजला नाही तरी वाजेल म्हणून तू कान देऊन बसलेली. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेनटाग यांच्या संशोधनात हेच पुन्हा पुन्हा दिसतं: नुसतं घरी येऊन थकवा उतरत नाही, डोक्यातून काम सुटावं लागतं. तुझं सुटणार कसं, ते खिशात वाजतंय. सकाळच्या गेस्टला द्यायचं उत्तर संध्याकाळी पोराला मिळतं.

काउंटरच्या स्मार्टफोनवर व्हॉट्सॲप बिझनेस घालून घे. नवं सिम नको, लँडलाइनच्या नंबरावरही चालतं. नंबर पडताळायचा कोड कॉलवर ऐकायला येतो. लाइन मात्र थेट हवी. 'एक दाबा, दोन दाबा'वाली असली तर कोड मिळतच नाही. उद्या येणाऱ्यांना आदल्या संध्याकाळीच त्यावरून कळव: रूम 2 ला, सामान आधी ठेवता येईल, तोंड धुवायची सोय इथे. सातची निम्मी तणतण ही वेळ आधी न कळल्याची असते. तुझा नंबर ज्यांच्याकडे आहे त्यांना एकच मेसेज, 'यापुढे काउंटरला फोन करा', आणि चेक-आउट झालं की ब्लॉक.

पावणेतीनला हँडओव्हर रजिस्टर. रूम नंबर, काय मागितलं, आपण काय कबूल केलं, आता कोण बघणार. नुसतं 'गेस्ट नाराज' लिहिलंस तर दुपारच्या शिफ्टचा पोरगा चार वाजता तुलाच फोन करील.

मॅनेजर म्हणेल, गेस्टना पर्सनल टच आवडतो. मग त्याचा नंबर दे.