5 एकर रान, 18 भिजवणींचं पाणी : गहू किती, हरभरा किती?

प्रश्न (जालना जिल्हा) : 5 एकर बागायती रान आहे. विहिरीला मार्चपर्यंत पाणी पुरवायचं तर सगळं मिळून 18 एकर एकदा भिजेल, एवढंच. गहू-हरभरा दोन्ही करायचे आहेत. निम्मं-निम्मं करू का?

उत्तर : निम्म्याचा हिशेब बसत नाही. एक एकर एकदा भिजवणं म्हणजे एक भिजवणी. गव्हाला पाण्याच्या 6 पाळ्या आणि हरभऱ्याला 2 धरल्या, तर अडीच-अडीच एकराला 20 भिजवणी लागतात. दोन एकर गव्हाचं शेवटचं पाणी चुकेल, तेही ऐन दाणे भरताना.

आलेख कागद घ्या. घरात कुणी दहावीला असेल तर त्यालाच बसवा. अशा रेषा काढणं हा त्याच्या बीजगणिताच्या पहिल्याच धड्यातला भाग आहे. आडव्या अक्षावर गव्हाचे एकर (x), उभ्यावर हरभऱ्याचे (y).

रान : x + y ≤ 5. (5, 0) आणि (0, 5) जोडा.
पाणी : 6x + 2y ≤ 18. (3, 0) आणि (0, 9) जोडा.

दोन्ही रेषांच्या खालचा, शून्याकडचा भाग म्हणजे तुम्हाला झेपणारी पेर. रेषा (2, 3) वर छेदतात : 2 एकर गहू, 3 एकर हरभरा. ताळा करा : 12 + 6 = 18. रानही पुरतं, पाणीही.

पण छेदनबिंदू नेहमीच फायद्याचा असतो असं नाही. नफा कोपऱ्यांवर तपासायचा : (3, 0), (2, 3) आणि (0, 5). समजा खर्च वजा जाता एकरी गव्हाला 20 हजार आणि हरभऱ्याला 15 हजार सुटतात. मग अनुक्रमे 60, 85 आणि 75 हजार होतात. गव्हाचा एकरी नफा हरभऱ्यापेक्षा जास्त, पण तिपटीच्या आत असेल तोवर (2, 3) च बरा. हरभरा गव्हाच्या वर गेला तर सगळा हरभराच करा. आकडे मात्र तुमच्या वहीतले घाला, शेजाऱ्याने पारावर सांगितलेले नकोत.

उपप्रश्न : पाणी 15 भिजवणींचंच निघालं तर?

पाण्याची रेषा आत सरकते : (2.5, 0) ते (0, 7.5). छेद (1.25, 3.75), म्हणजे 50 गुंठे गहू, 150 गुंठे हरभरा. तरीही गव्हाचं 18 ते 21 दिवसांचं, मुकुटमुळं फुटतानाचं पाणी चुकवू नका. हरभऱ्याला मात्र दोनच्या वर देऊ नका, नुसता माजतो.