म्हातारी बाग काढू की ठेवू?

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची 1 एकर शिराझ (वाइनची द्राक्षं) आहे, 17 वर्षांची. माल घटलाय, वेली मरून नांग्या (मधे मोकळ्या जागा) पडल्यात. मुलगा काढून टाकू म्हणतो. चिलीत छोटी कुटुंबं शंभर वर्षांच्या वेली नैसर्गिक पद्धतीनं जगवून त्यांची वाइन करतात म्हणे. आपल्याला जमेल का?

उत्तर : भाऊ, एवढ्यात कुऱ्हाड काढू नका. पण चिलीची नक्कलही नको.

दक्षिण चिलीत माउले आणि इताता या खोऱ्यांत ‘पाईस’ नावाची जुनी जात आहे. स्पॅनिश लोकांनी 16व्या शतकात नेलेली. मांडव नाही, ठिबक नाही; बुटकं जाड खोड आणि पावसाचं पाणी. कितीतरी वर्षं ती स्वस्त वाइनलाच जायची. आता काही घरं त्याच वेलींत पुन्हा घोड्याचा नांगर घालतात, काड्यांच्या चाळणीवर घड हातानं घासून मणी सोडवतात आणि सालीवरच्याच यीस्टनं रस आंबू देतात. वाइन टिकवायचं सल्फाइट नाहीच, किंवा नावापुरतं.

मेख मुळात आहे, अगदी शब्दशः. मुळं खाणाऱ्या फायलोक्सेरा किडीनं 1860च्या दशकापासून युरोपातल्या बागा उजाड केल्या. चिलीत ती पसरली नाही. म्हणून तिथली वेल स्वतःच्या मुळावर उभी आहे. नांगी पडली की शेजारच्या वेलीची काडी मातीत दाबायची, झालं नवं झाड.

हा प्रयोग मीही केला होता. 11 काड्या दाबल्या, दोन उन्हाळ्यांत 9 वाळल्या. आपली बाग डॉगरिजच्या खुंटावर, म्हणजे मुळं डॉगरिज या काटक जातीची आणि वर शिराझचं कलम. दाबलेल्या काडीला तो खुंट कुठला? क्षार आणि पाण्याचा ताण ती सोसत नाही. तेव्हा नांगीत डॉगरिजचं रोप लावा आणि पावसाळा सरताना जागेवर त्यावर शिराझचं कलम भरा.

दुसरी गोष्ट पावसाची. त्यांचा पाऊस हिवाळ्यात पडतो, वेल झोपलेली असताना. आपला पडतो खरड छाटणीनंतरच्या (उन्हाळ्यातल्या छाटणीनंतरच्या) कोवळ्या फुटीवर. केवडा हा बुरशीचा रोग आला की जीवामृतावर भागत नाही, बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारावंच लागतं. त्यात कमीपणा नाही, सेंद्रिय शेतीतही ते मर्यादेत चालतं.

यंदा चारच ओळी वेगळ्या धरा. तणनाशक बंद, मधे ताग, भरपूर शेणखत, घड निम्मे. पण वायनरी याचे जास्त पैसे देईल का, ते आधी विचारा. आणि घरी पिंप भरून आंबवायचा बेत असेल तर उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, ते विसरू नका.

तोवर नांग्या मोजून कळवा. चौथ्या हिश्शाहून जास्त निघाल्या, तर मुलाचं ऐका.