दक्षिण कोरियात उजवे आणि उदारमतवादी यांचं पारडं गेल्या काही दशकांत कसं फिरलं?

पक्षांच्या नावांवरून हे शोधायला गेलात तर डोकं गरगरेल. उजव्यांनीच १९९० पासून सहा-सात पाट्या बदलल्यात. रंगाचाही भरवसा नाही. आज त्यांचा लाल आणि समोरच्यांचा निळा, पण २०१२ पर्यंत निळा उजव्यांकडे होता. म्हणून मी निकालाच्या रात्री नकाशा उघडून बसतो.

१९८७ मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून लष्करशहांकडून राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक मिळवली, आणि लगेच विरोधकांतले दोन किम एकमेकांविरुद्ध उभे राहिले. आग्नेयेचे, म्हणजे यंगनामचे किम यंग-साम आणि नैऋत्येच्या होनामचे किम दे-जुंग. दोघांची मिळून ५५ टक्के मतं, आणि ३६.६ टक्क्यांवर निवडून आले माजी जनरल रो ते-वू!

खरी कलाटणी १९९० ची. किम यंग-साम सरळ रो ते-वूंच्या उजव्या पक्षात विलीन झाले, तिसरे किम, म्हणजे किम जोंग-पिल, तेही आले. किम दे-जुंग यांचे उदारमतवादी आणि त्यांचं होनाम एकटं पडलं, आणि यंगनामची लोकसंख्या त्याच्या दुपटीहून जास्त. किम यंग-साम यांचा पक्ष विसर्जित करायच्या बैठकीत एक तरुण खासदार हात वर करून 'माझी हरकत आहे' म्हणून ओरडला. तो रो मु-ह्यन. पुढे तो होनामवाल्यांच्या बाजूने पुसानमध्ये, म्हणजे यंगनाममध्ये, १९९२, १९९५ आणि २००० ला उभा राहिला आणि तिन्ही वेळा पडला. लोक प्रेमाने त्याला 'बाबो' म्हणायला लागले, म्हणजे बावळट. २००२ मध्ये हाच बावळट राष्ट्राध्यक्ष झाला.

त्याआधी १९९७ ला किम दे-जुंग जिंकले ते निव्वळ बेरजेवर. हात कुणाशी मिळवला, तर किम जोंग-पिल यांच्याशी. ज्या गुप्तचर संस्थेने १९७३ मध्ये किम दे-जुंगना टोकियोतून पळवून नेलं, तिचे हे संस्थापक! वर आर्थिक संकट आणि उजव्यांतली बंडखोरी. एवढं सगळं जुळूनही आघाडी चार लाखांच्या आत. पक्षफोडीत मुरलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये.

त्यानंतर पारडं हललं ते नेत्यांमुळे कमी आणि लोकांच्या घर बदलण्यामुळे जास्त, असं माझं मत. आज निम्मा देश सोल, इंचन आणि ग्यंगी प्रांतात राहतो. २०२४ च्या संसदीय निवडणुकीत या पट्ट्यातल्या १२२ पैकी १०२ जागा उदारमतवाद्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने घेतल्या. शिवाय ऐंशीच्या दशकात कॉलेजात असताना आंदोलनं केलेली पिढी आता साठीच्या आसपास आहे. वय वाढलं की माणूस उजवीकडे सरकतो म्हणतात. ही मंडळी फारशी सरकली नाहीत.

पण उलटा प्रवाहही आहे. २०२२ ला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक उजव्यांचे युन सक-यल अवघ्या ०.७३ टक्क्याने जिंकले, तेव्हा विशीतले बहुसंख्य मुलगे त्यांच्याकडे आणि त्याच वयाच्या बहुसंख्य मुली डेमोक्रॅटिक पक्षाच्या ली जे-म्यंग यांच्याकडे होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये युननी लष्करी कायदा लादला आणि पदही गमावलं. जून २०२५ मध्ये ली सहज निवडून आले. पण ते स्वतः यंगनाममधल्या आन्दोंगचे असूनही शेजारच्या देगू शहराने त्यांना पाव मतंसुद्धा दिली नाहीत.